पाऊस थांबल्यावर येणारं नाव

शिओमी चिगुसाने स्वतःचं नाव चोरून खेळात घातलं तेव्हा तिला भीती म्हणून वाटली नाही. राग आला होता ना! तो उतरल्यावर मग भीती वाटायला लागली, आणि ती काही केल्या जाईना.

राग होता शेवटच्या नावांवरून. व्हिडिओ खेळ जिंकला की पडद्यावर तो करणाऱ्यांची नावं सरकत वर जातात. पण त्यात खरी नावं घालायची नाहीत, असा तेव्हा बहुतेक कंपन्यांचा दंडक होता. खरं नाव दिसलं की दुसरी कंपनी माणूस पळवते, म्हणून सगळ्यांना टोपणनावं. नागिरा साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाटली, मोठ्या खुशीत. स्वतः साहेब ‘सेनापती’. आवाजाचं काम करणारा उबुकाता ‘घुबड’. आणि चिगुसा? ‘चहावाली’.

सगळे हसले. चिगुसाही हसली. न हसून करते काय?

“साहेब, ती उडी हिने बसवलीय,” उबुकाता म्हणाला. “तिला जरा बरं नाव द्या की.”

“उडीपण तीच बसवते आणि चहापण तीच करते,” साहेब म्हणाले. “उडीवाली म्हटलं तर वाईट नाही का दिसणार? काय गं शिओमी-कुन?”

नागिरा साहेब काही वाईट माणूस नव्हते हो. कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतः फळं घेऊन जायचे. पण वर्षभर बाईने डोळे फोडून केलेल्या कामाला आपण काय नाव देतोय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. असल्या माणसांचा जास्त राग येतो, कारण त्यांच्याशी भांडताही येत नाही.

आणि उडी म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती. हातात मावणारं ते यंत्र अगदी नवं होतं. हिरवट राखाडी पडदा, आगपेटीहून थोडा मोठा, आणि त्यावर काहीही जोरात हललं की मागे धुरकट शेपूट उरायचं. क्योतोच्या मुरोमाची गल्लीत, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर ही मंडळी बसायची. सगळी आधी नाणी टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवर काम केलेली. मोठ्या काचेवर झकास दिसणारा त्यांचा नायक त्या चिमुकल्या पडद्यावर उडाला की दिसेनासाच व्हायचा. खाली खड्डा आहे की जमीन, कळायच्या आत मेला.

नायक होता तेरू. पाऊस थांबावा म्हणून मुलं पांढऱ्या फडक्याची बाहुली करून खिडकीत टांगतात ना, तीच. ढगांवर चढत, छपरांवरून उड्या मारत त्याने जाऊन पाऊस थांबवायचा, एवढीच गोष्ट. चिगुसाने काय केलं, तर उडीच्या ऐन वरच्या टोकाला तेरूला क्षणभर लटकवला. त्याचा फडक्याचा घेर फुगायचा, बाकी सगळं स्थिर व्हायचं, डोळ्याला तो सापडायचा, आणि मग तो अलगद खाली यायचा. बास. खेळ जिवंत झाला. ज्या मोठ्या कंपनीसाठी हा खेळ करत होते तिथे नागिरा साहेबांनी ही उडी दाखवली, तेव्हा तिथले लोक खुर्चीतून पुढे वाकले म्हणे. “आमच्या ऑफिसची कल्पना,” असं साहेब म्हणाले.

म्हणून तिने नाव घातलं. खेळाच्या पाचव्या टप्प्यात एक गुहा होती, तिच्या तोंडाशी. तेरू तिथे काहीही न करता बराच वेळ नुसता उभा राहिला, की बाहेरचा पाऊस हळूहळू विरळ होत थांबायचा आणि मोकळ्या आभाळात अक्षरं उमटायची: शिओमी चिगुसा. दुसरं काही नाही. कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांनी नाण्यांच्या यंत्रांवर काढलेली. तिथे नुसतं उभं राहणारा माणूस कुणी पाहिला होता? पैसे टाकलेत, घड्याळ पळतंय, मागे लोक रांगेत उभे आहेत. थांबला तो मेला. तिथल्यासारखं घड्याळ गुहेपाशी नको म्हणून तिने ते काढून टाकलं, शत्रूही काढले, आणि साहेबांना सांगितलं, “जरा विसाव्याची जागा ठेवलीय.”

“छान छान,” साहेब म्हणाले.

खेळ कारखान्यात गेला. तिथे तो चिपवर कायमचा कोरला जातो. एकदा गेला की गेला, एक ठिपकासुद्धा बदलता येत नाही.

त्यानंतर आठवड्याभराने दुपारी चिगुसा आणि उबुकाता कोपऱ्यावरच्या उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानात जेवायला गेले. उबुकाताने नमुन्याचं यंत्र बरोबर घेतलं होतं. वाडगे येईपर्यंत तो खेळत बसला. वाडगे आले, तसं त्याने यंत्र चालूच तिखटाच्या डबीशेजारी ठेवलं आणि शेवया ओढायला लागला.

“बंद नाही केलंस?” तिने विचारलं.

“बंद कशाला? खाऊन झालं की खेळणार. परत पहिल्यापासून कोण मरेल?”

“अरे, थांबवायचं बटण आहे की त्याला.”

“ते कोण दाबतंय! तुझी ती गुहा आहे ना, तिथे कुणी मारायला येत नाही. मी मुद्दाम तिथवर पळतो आणि ठेवून देतो. बस आली, फोन आला, बायकोने हाक मारली, की गुहा. सगळे तसंच करणार बघ. फार झकास जागा केलीस.”

चिगुसाने काड्या खाली ठेवल्या.

तिने त्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. तेरू गुहेच्या तोंडाशी उभा होता. मागच्या पावसाच्या रेघा कमी होत चालल्या होत्या. आधी दाट, मग तुरळक, मग एखाददुसरी. तिने हात घातला आणि खटका ओढला. पडदा कोरा झाला.

“अगं ए! पाचव्या टप्प्यात होतो मी!” उबुकाता ओरडला, तोंडातल्या शेवयांसकट. दुकानदारीण वळून बघायला लागली. “वेड लागलं का तुला?”

“हात लागला,” ती म्हणाली.

तिच्या वाडग्यातल्या शेवया तशाच फुगून गेल्या. खिशात घालून, मांडीवर ठेवून, शाळेच्या दप्तरात टाकून फिरायचं हे यंत्र! लोक ते मधेच ठेवणार नाहीत तर काय करणार? इतक्या हुशार माणसांच्या ऑफिसात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि तिने तर नेमकी ठेवायची जागा शोधून तिथेच आपलं नाव लिहिलं होतं. करंटेपणाला काही सीमा?

ती परतली ती थेट नागिरा साहेबांच्या टेबलापाशी गेली, सांगून टाकायचं असं ठरवून. साहेब फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी दोन्ही हात वर केले.

“शिओमी-कुन! मोठ्या कंपनीने मागणीचा आकडा दुप्पट केला! आता सहा महिने कुणाला घरी पाठवायला नको. काय म्हणत होतीस?”

“चहा आणू का विचारत होते,” चिगुसा म्हणाली.

मोठ्या कंपनीशी केलेला करार तिला ठाऊक होता. कुणी खेळात परस्पर काही घातलं, तर सगळा माल परत आणि सगळा खर्च ऑफिसच्या माथ्यावर. मग ही माडी बंद. उबुकाताला नुकतंच मूल झालं होतं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या चित्रकाराला दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. हे सगळं तिच्या एका नावापायी जाणार होतं, आणि ती रोज त्यांच्याच कपात चहा ओतत होती. जेवण जाईना. झोपेत दात खायला लागली.

वसंतात खेळ बाजारात आला. मुलांच्या शंका विचारायला ऑफिसचा एक फोन ठेवला होता, आणि फोन घ्यायचं काम अर्थातच ऑफिसातल्या बाईचं. पहिल्यांदाच ते काम चिगुसाच्या पथ्यावर पडलं. घंटा वाजली रे वाजली की ती झेप घ्यायची. “शिओमी-सान किती कामसू झाली,” असं लोक म्हणायला लागले.

एके दिवशी ओत्सूहून एका मुलीचा फोन आला.

“हॅलो, गुहेत ना, आई जेवायला हाक मारत होती म्हणून मी ठेवून गेले, तर पाऊस थांबला. आणि कुणाचं तरी नाव आलं. बाईचं.”

“कुणाला सांगितलंस?” चिगुसाने विचारलं.

“दादाला. तो म्हणतो भूत आहे. खरं का हो?”

आता बघा, काहीही सांगता आलं असतं. यंत्राची चूक म्हणता आलं असतं. पण बुडत्या माणसापुढे कुणी फळी टाकली, तर तो ती कुठल्या लाकडाची हे विचारत नाही.

“हो,” चिगुसा म्हणाली. “भूतच आहे. म्हणून तर कुणाला सांगायचं नाही हं.”

पलीकडे मुलीने श्वास रोखला. मग, “बरं,” म्हणाली, आणि फोन ठेवला.

लहान मुलीला भुताची गोष्ट सांगायची आणि वर कुणाला सांगू नको म्हणायचं! त्यापेक्षा शाळेच्या लाउडस्पीकरवर ओरडली असती तरी कमी पसरलं असतं. पंधरवड्यात ओत्सूहून ओसाका, ओसाकाहून कोबे. जून लागला, बाहेर सारखी रिपरिप, मुलं घरात कोंडलेली, आणि जो तो यंत्र गुहेपाशी ठेवून श्वास रोखून बसलेला. शिओमी चिगुसा ही गुहेत बुडून मेलेली मुलगी. तिचं नाव तीनदा मोठ्याने वाचलं तर स्वप्नात येते. नाव येताना पाठ केली तर आजारी पडतं माणूस. फोनवर मुलं हे सगळं चिगुसालाच ऐकवायची आणि विचारायची, “आता काय करू? मी तर मोठ्याने वाचलं!”

“एक ग्लास पाणी पी आणि झोप. ती काही करत नाही,” ती सांगायची. “चांगली मुलगी होती ती.”

 आपल्या तोंडाने आपल्याला ‘होती’ म्हणायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलं त्यालाच ठाऊक.

मग मुलांच्या एका मासिकात ते छापून आलं, पडद्याच्या चित्रासकट. नागिरा साहेबांनी मासिक उघडलं, नाव वाचलं, आणि मान वर करून चिगुसाकडे पाहिलं.  ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “उद्या मोठ्या कंपनीचे कुझे-सान येतायत. योकान आणून ठेव. चांगल्या दुकानातलं आण.”

त्या रात्री साहेबांच्या मनात काय शिजलं असेल? आपल्याला पुढे करून बाकीच्यांना वाचवतील? की काही बोलणारच नाहीत? काही कळायला मार्ग नव्हता. सकाळी बर्फीसारख्या योकानच्या वड्या कापताना तिने बोट कापून घेतलं.

कुझे-सान सडपातळ, शांत गृहस्थ. त्यांनी साहेबांना भेटीचं कार्ड दिलं, उबुकाताचं घेतलं, म्हाताऱ्या चित्रकाराचं घेतलं. चिगुसाकडे कार्ड नव्हतंच, बायकांना कोण छापून देतं! ती तबक घेऊन भिंतीशी उभी राहिली.

“पालकांच्या तक्रारी आल्यात,” कुझे-सान म्हणाले. “मुलं घाबरतायत. पण विक्री वाढतेय, तेही खरं. मला एकच विचारायचंय. हे नाव कुठल्या खऱ्या माणसाचं आहे का? तुमच्यापैकी कुणी घातलंय का? तसं असेल तर करार तुम्हाला माहीत आहे. आणि कथेतलं पात्र असेल, तर काही प्रश्नच नाही. मग उलट पुढच्या भागात तिला आणखी आणा.”

 उबुकाता टेबलाच्या कडेकडे बघत बसला. त्यानेही मासिक वाचलं होतंच की.

“त्याचं असं आहे,” नागिरा साहेब म्हणाले. कपाळावर घाम. “ही आमची शि...” आणि खोकलेच. खोकला थांबेना. त्यांनी चहाच्या कपाकडे हात नेला, कप रिकामा.

चिगुसा पुढे झाली. कप भरता भरता बोलायला लागली. आपण बोलतोय हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं.

“पात्रच आहे ते. छोटी मुलगी. तिच्या गावाला फार पाऊस होता, म्हणून तिने खिडकीत बाहुली बांधली. तोच हा तेरू. पण पाऊस थांबायच्या आत ती गुहेत अडकली आणि बुडाली. तेरूला ते माहीत नाही. तो तिच्यासाठीच पाऊस थांबवायला निघालाय. म्हणून तो गुहेपाशी उभा राहिला, की पाऊस थांबतो आणि तिचं नाव येतं. तिला बरं वाटतं तेव्हा.”



“वा,” कुझे-सान हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. “कितीची होती?”

“नऊ,” चिगुसा म्हणाली.

“हे पुस्तिकेत का नाही लिहिलंत, नागिरा-सान? इतकं चांगलं!” ते चिगुसाकडे वळले. “आणि तुम्ही?”

“या आमच्या ऑफिसातल्या,” साहेब घाईघाईने म्हणाले. “मिझोबे-सान.”

चिगुसाने वाकून नमस्कार केला. त्या दिवसापासून मोठ्या कंपनीसाठी ती मिझोबे झाली. कुझे-सान गेल्यावर उबुकाता तिच्यापाशी आला आणि सगळे कप स्वतः धुवायला घेऊन गेला. साहेब खिडकीशी उभे होते. पाठमोरेच म्हणाले, “आठ घरं वाचवलीस.” आणखी थोड्या वेळाने म्हणाले, “मला माफ कर गं.” ती हो म्हणाली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. नुसतं रितं रितं वाटलं.

पुढे तेरूचे बरेच भाग निघाले. प्रत्येकात ती मुलगी आहे. उबुकाताने तिच्यासाठी बांधलेली धून लोक अजून लग्नात, शाळांच्या वाद्यवृंदात वाजवतात. आज पन्नाशीकडे झुकलेली माणसं पाऊस थांबला की तिचं नाव घेतात, आणि ती हवेतली उडी तर इतक्या खेळांनी उचलली, की ती कधी कुणी पहिल्यांदा केली असेल, असं आता कुणाच्या मनातही येत नाही. त्या मुलीच्या नावाने मुलांनी कागदाचे बगळे पाठवले, बोरं पाठवली, उदबत्त्या पाठवल्या. टपाल फोडायचं, आभाराचं कार्ड पाठवायचं कामही चिगुसाचंच.

पण हे सगळं नंतरचं. कुझे-सान येऊन गेले त्याच आठवड्यात, ऑफिस सुटताना, माइझुरूहून आईचा फोन आला. आई तिथे माशांच्या वड्यांच्या कारखान्यात काम करायची. ऑफिसात फोन करायला ती फार बुजायची. कधी करायची नाही.

“ची-चान? कामात आहेस का गं? एकच मिनिट.”

“बोल ना आई. बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय! अगं, शेजारच्या तोकिएची नात ते यंत्र घेऊन बसली होती. म्हणाली, आजी, भूत दाखवते. मी म्हटलं, दाखव. दोघी बसून राहिलो. आणि काय सांगू तुला! तुझं नाव आलं! शिओमी चिगुसा! एवढं मोठं, आभाळात!” आईचा आवाज कापायला लागला. “ती पोरगी म्हणते भूत आहे. मी म्हटलं, गप गं, भूत कसलं! माझी लेक आहे ती. जिती जागती आहे. हे खेळ तीच करते. खरं ना?”

 साऱ्या देशात ते नाव एवढ्या लोकांनी वाचलं होतं, पण जसं वाचायला हवं तसं वाचणारी ही एकटीच होती.

“तोकिएला सांगितलं, उद्या कारखान्यात सगळ्यांना सांगणार आहे. इतकी वर्षं विचारायच्या, तुमची मुलगी क्योतोत करते तरी काय? आता सांगते म्हटलं. ते यंत्र मी संध्याकाळपुरतं मागून आणलंय. नाव आल्यावर तसंच देवघरात तुझ्या बाबांच्या फोटोपुढे ठेवलंय. त्यांनाही बघू दे की.”

माइझुरूचा तो कारखाना मोठा होता. तिथून गावात, गावातून मुलांत, मुलांतून मासिकात जायला किती वेळ? नागिरा साहेब टोपी घालून दारापर्यंत गेले होते, ते थबकले. त्यांनी काही ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण ते तिच्याकडेच बघत होते. उबुकाताही.

“आई,” ती म्हणाली. “ती मी नाही.”

“म्हणजे?”

“गोष्टीतली मुलगी आहे ती. मेलेली. नाव सारखं आलंय एवढंच. मी... मी चहा करते इथे. टपाल बघते. तू कुणाला काही सांगू नकोस गं. हसतील.”



“तू नाहीस होय ती?” आईने विचारलं.

“नाही.”

“असं होय.” आईने नाक ओढलं. “मग बरं झालं विचारलं ते. मी आपली गावभर सांगत सुटले असते.” आणि मग म्हणाली, “थांब हं, ते बाबांच्या पुढ्यातून आधी उचलून ठेवते. मघाशी त्यांना सांगून बसले मी.”